दंतसेवा आणि मनुष्यबळाचे नियोजन

दाढ दुखू लागली म्हणजे माणसाला दुसरे काही सुचत नाही. रात्र जागून काढावी लागते, अन्न गोड लागत नाही, कामावरचे चित्त उडते. असे असूनही आपल्याकडे दातांचे दुखणे आजारात जमा धरण्याची पद्धत नाही. लवंगेचे तेल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि अखेरीस दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, एवढ्यावरच बहुतेकांचा उपचार संपतो. शेतमजुरी करणाऱ्या बाईला तालुक्याच्या गावी दंतवैद्याकडे जावयाचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, एस. टी. चे भाडे पडते आणि एका फेरीत काम होईलच अशी शाश्वती नसते. म्हणून ती दुखणे अंगावर काढते. जो दात वेळीच थोडे सिमेंट भरून वाचला असता तो दोन-तीन वर्षांनी उपटावा लागतो. तंबाखूच्या सवयीने गालाच्या आतील बाजूस उमटलेला पांढरा चट्टा कोणी पाहत नाही, आणि तो दिसतो तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो.

हे दुखणे वेळीच पाहणारा माणूस गावाच्या जवळपास का नसतो? दंतवैद्यांची संख्या अपुरी आहे, असे उत्तर सामान्यपणे दिले जाते. ते पूर्णतः खरे नाही. विकसनशील देशांचा गेल्या शतकातील अनुभव पाहिला तर असे आढळून येते की दंतवैद्य किती आहेत याहून ते कोठे आहेत, कोणते काम करतात आणि त्यांच्या हाताखाली कोण आहे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

प्रश्नाची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे आणि त्यांतील दर चारांपैकी तिघे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. दंतक्षय, हिरड्यांचे विकार, दात गळून पडणे आणि मुखकर्करोग हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी बहुतेक विकार टाळता येण्याजोगे आहेत, आणि टाळता आले नाहीत तरी आरंभीच्या अवस्थेत अल्प खर्चात आवरता येतात.

उलट बाजूस सेवा देणाऱ्यांची स्थिती पाहावी. आफ्रिका विभागात सरासरीने सुमारे तीस हजार लोकांमागे एकच दंतवैद्य आहे, आणि तोही बहुधा राजधानीत असतो. एक दंतवैद्य तयार करण्यास लागणारा पैसा आणि काळ या देशांना परवडत नाही. जे तयार होतात त्यांतील काही परदेशी जातात, उरलेले शहरात दवाखाना उघडतात. काही देशांची अडचण अगदी निराळी आहे. तेथे दंतवैद्य भरपूर आहेत, तथापि खेड्यातील रुग्णाला त्यांचा उपयोग नाही. भारत हा या दुसऱ्या प्रकारचा देश होय.

संख्या वाढली, सेवा किती वाढली?

आपल्या देशात दंतवैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण देणारे पहिले महाविद्यालय डॉ. रफिउद्दिन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. तरीही स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर परिस्थिती बिकट होती. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात केवळ सुमारे एक हजार अर्हताप्राप्त दंतवैद्य होते. म्हणजे तीन लाख लोकांमागे एक. १९४८ मध्ये दंतवैद्य अधिनियम संमत झाला आणि पुढील वर्षी भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. या व्यवसायाला त्यामुळे कायद्याची शिस्त लाभली.

त्यानंतर, विशेषतः १९९० नंतर, दंत महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत व दरवर्षी पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची त्यांची क्षमता आहे. त्यांपैकी बहुसंख्य खाजगी आहेत. नोंदणीकृत दंतवैद्यांची संख्या तीन लाखांच्या घरात पोहोचली आहे. तीन लाख लोकांमागे एक या प्रमाणावरून आपण सुमारे पाच हजार लोकांमागे एक या प्रमाणापर्यंत आलो. पाऊणशे वर्षांतील ही वाढ लहान नव्हे.

परंतु सरासरी ही फसवी असते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील जवळजवळ ६९ टक्के लोक खेड्यात राहत होते, तर दंतवैद्य मात्र प्रामुख्याने शहरांत एकवटले आहेत. महानगरातील एखाद्या रस्त्यावर चार दवाखाने ओळीने दिसतात आणि डोंगरी तालुक्यात एकही दिसत नाही. दवाखाना उघडण्यासाठी खुर्ची, कॉम्प्रेसर, क्ष-किरण यंत्र, निर्जंतुकीकरणाची साधने यांवर मोठी रक्कम गुंतवावी लागते. शिक्षणासाठी कर्ज काढलेला तरुण ती रक्कम परत मिळेल अशाच ठिकाणी गुंतवणार, यात त्याला दोष देता येत नाही. शासकीय सेवेतील पदे उत्तीर्ण होणाऱ्यांच्या मानाने थोडी आहेत. परिणामी एकीकडे रुग्णाला दंतवैद्य मिळत नाही आणि दुसरीकडे दंतवैद्याला रुग्ण मिळत नाही. २०२०-२१ या वर्षी पदवी अभ्यासक्रमाच्या सुमारे सात हजार जागा रिक्त राहिल्याचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नियोजनाचा अभाव समाजाला दोन्ही बाजूंनी कसा महाग पडतो, याचे हे उदाहरण आहे.

आधी काम, मग माणूस

मनुष्यबळाचे नियोजन म्हणजे लोकसंख्येला एखाद्या ठरावीक आकड्याने भागणे नव्हे. प्रथम लोकांच्या तोंडात प्रत्यक्ष काय आहे हे पाहावे लागते. त्यासाठी ठरावीक वयोगटांतील लोकांची पाहणी करण्याची पद्धत जगभर रूढ आहे. बारा वर्षांच्या मुलांची तपासणी त्यात मुख्य मानली जाते, कारण या वयापर्यंत बहुतेक कायमचे दात आलेले असतात आणि मूल शाळेत सापडते. मग त्या गरजांचे कामात, कामाचे तासांत आणि तासांचे माणसांत रूपांतर करावे लागते.

ही रीत समजण्यासाठी एक काल्पनिक तालुका घेऊ. तेथे शाळेत जाणारी ३०,००० मुले आहेत असे समजू. प्रत्येक मुलाचे तोंड वर्षातून एकदा पाहावयास पाच मिनिटे धरली तर एकूण २,५०० तास लागतात. दंतवैद्य वर्षाचे २५० दिवस, रोज सहा तास रुग्ण पाहतो असे मानले तर त्याच्या हाती १,५०० तास असतात. आता पाच मुलांमागे एकाला उपचाराची गरज निघाली व प्रत्येकी पंधरा मिनिटे लागली, तर त्यासाठी आणखी १,५०० तास हवेत. म्हणजे सर्व काम दंतवैद्यानेच करावयाचे ठरविले तर केवळ शाळकरी मुलांसाठी ४,००० तास, अर्थात जवळजवळ तीन दंतवैद्य लागतील. मात्र पहिली चाळणी प्रशिक्षित सहायकाने केली आणि दोष आढळलेली मुलेच दंतवैद्याकडे पाठविली, तर तेच काम एक दंतवैद्य पार पाडू शकतो.

या हिशेबातील आकडे तालुक्यागणिक बदलतील, पण त्याचे सूत्र बदलणार नाही. पाच वर्षांचे शिक्षण घेतलेल्या माणसाने तेच काम करावे जे त्याच्यावाचून होणार नाही, आणि उरलेले काम त्या कामापुरते नीट शिकविलेल्या माणसाकडे सोपवावे.

नियोजनात काळाचाही विचार करावा लागतो. आज प्रवेश घेणारा विद्यार्थी चार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून पाच वर्षांनी बाहेर पडतो आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे व्यवसाय करतो. म्हणून आज किती जागा मंजूर कराव्यात याचा निर्णय चुकला तर ती चूक एका पिढीला भोवते. नोंदवहीत नाव असलेला प्रत्येक दंतवैद्य प्रत्यक्ष व्यवसाय करतोच असे नाही. कोण परदेशी गेला, कोणी व्यवसाय सोडला, कोण कोणत्या तालुक्यात आहे, ही माहिती हाताशी नसेल तर नियोजन म्हणजे अंधारात मारलेला तीर ठरते.

सहायकांची कामगिरी

दंतवैद्याखेरीज अन्य प्रशिक्षित व्यक्तीकडे काम सोपविण्याचा प्रयोग नवा नाही. पहिल्या महायुद्धाच्या वेळी न्यूझीलंडमध्ये सैन्यात भरती होण्यास आलेल्या तरुणांच्या दातांची दुर्दशा पाहून तेथील शासनाने १९२१ मध्ये वेलिंग्टन येथे तरुणींना दोन वर्षांचे शिक्षण देऊन शालेय दंतपरिचारिका तयार करण्यास आरंभ केला. शाळेतच त्या मुलांचे दात तपासीत, किडलेले दात भरीत, दुधाचे दात काढीत. दंतवैद्यांच्या संघटनांतून यास विरोध झाला. अर्धशिक्षित हातांत मुलांचे दात देऊ नयेत, अशी त्यांची भूमिका होती. परंतु कामाची मर्यादा स्पष्ट आखलेली होती, देखरेख होती आणि अवघड काम दंतवैद्याकडेच जात होते. त्यामुळे ही पद्धत टिकली. हीच कल्पना १९४९ मध्ये मलायात पिनांग येथे सुरू झालेल्या प्रशिक्षण शाळेने उचलली व तेथील शाळांना तिचा दीर्घकाळ लाभ झाला.

मुखकर्करोगाच्या बाबतीत तर याहून बोलका पुरावा आपल्या उपखंडातच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे यांचा संबंध अशा पाहण्यांतून स्पष्ट झाला. पुढे श्रीलंकेत प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांना चट्टे ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले आणि त्यांनी अठ्ठावीस हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. त्याचा वृत्तान्त १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातही असाच अनुभव आला.

त्यानंतर केरळातच तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन टॉर्चच्या प्रकाशात तोंड पाहत आणि संशयित रुग्णास डॉक्टरांकडे पाठवीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी झालेल्या भागात ३४ टक्क्यांनी कमी आढळले. एक टॉर्च, थोडे प्रशिक्षण आणि पुढे पाठविण्याची व्यवस्था एवढ्या साधनांनी माणसांचे प्राण वाचले. यासाठी घरोघरी दंतवैद्य जाण्याची गरज पडली नाही. मात्र संशयित रुग्ण ज्याच्याकडे पाठवावयाचा तो तज्ज्ञ जागेवर असणे अत्यावश्यक होते.

आपल्या १९४८ च्या अधिनियमाने दंतवैद्यांबरोबर डेंटल हायजिनिस्ट व डेंटल मेकॅनिक या दोन वर्गांच्या नोंदणीची तरतूद केली होती. दात स्वच्छ करणे व निगा शिकविणे हे पहिल्याचे काम, तर कवळ्या व कृत्रिम दात तयार करणे हे दुसऱ्याचे. दंतवैद्यांची संख्या वाढली त्या मानाने या दोन्ही वर्गांची वाढ झाली नाही. सेनापती पुष्कळ आणि शिपाई थोडे, अशी ही फौज झाली. २०२३ मध्ये संसदेने या जुन्या अधिनियमाची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. दंतशिक्षणाच्या नव्या रचनेत सहायकांना योग्य स्थान मिळणे अगत्याचे आहे.

साधनांचा मेळ

माणूस नेमला म्हणजे सेवा सुरू झाली असे होत नाही. ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य असेल, पण खुर्ची नादुरुस्त असेल, वीज खंडित होत असेल किंवा भरावयाचे साहित्य संपले असेल, तर त्याच्या हाती दात उपटणे आणि गोळ्या लिहून देणे एवढेच उरते. म्हणून वेतनाबरोबर दुरुस्ती, साहित्य व निर्जंतुकीकरण यांची तरतूद नियोजनाच्या त्याच पानावर असली पाहिजे.

या दृष्टीने टांझानियात १९८० नंतरच्या दशकात विकसित झालेली एक पद्धत उल्लेखनीय आहे. दाताचा किडून मऊ झालेला भाग साध्या हातहत्यारांनी खरवडून काढावयाचा आणि पोकळीत ग्लास आयोनोमर नावाचे चिकटणारे सिमेंट भरावयाचे, अशी ही पद्धत. तीस वीज लागत नाही, गिरमिट लागत नाही आणि बहुधा सुईही टोचावी लागत नाही. १९९४ चा जागतिक आरोग्य दिन मौखिक आरोग्यास वाहिलेला होता व त्या निमित्ताने या पद्धतीचा जगभर पुरस्कार करण्यात आला. पुढे २००२ मध्ये तज्ज्ञांनी विकसनशील देशांसाठी किमान सेवेचा एक संच सुचविला. त्यात दुखण्यावर तातडीचा इलाज, परवडणारी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि ही हातहत्यारांची पद्धत अशी तीन अंगे होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट व कीड थोपविणारे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

तथापि बाहेरची पद्धत जशीच्या तशी उचलणे योग्य नव्हे. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइडचे प्रमाण जादा असून त्यामुळे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. तेथे दंतसेवेची पहिली पायरी म्हणजे शुद्ध पाणी होय. म्हणूनच योजना जिल्हावार असावी लागते.

ब्राझीलचा धडा

दंतवैद्यांची विपुलता आणि लोकांचे दंतहीन तोंड हे एकत्र नांदू शकतात, हे ब्राझीलने अनुभवले. जगात सर्वाधिक दंतवैद्य असलेल्या देशांत त्याची गणना होते, तरी २००३ च्या राष्ट्रव्यापी पाहणीत वृद्धांपैकी बहुतेकांचे दात गेलेले आढळले. तेथील शासनाने २००० च्या अखेरीस दंतसेवेचे पथक कुटुंब आरोग्य पथकांना जोडण्याचा निर्णय घेतला आणि २००४ मध्ये ‘हसरा ब्राझील’ अशा अर्थाच्या नावाने व्यापक कार्यक्रम सुरू केला. पथकात दंतवैद्याबरोबर सहायक असतो. त्यांना ठरावीक वस्तीची जबाबदारी दिलेली असते. अवघड उपचारांसाठी विशेष केंद्रे व कृत्रिम दातांसाठी प्रयोगशाळा उभारण्यात आल्या. २०२३ मध्ये या कार्यक्रमास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. नवी महाविद्यालये काढण्यापेक्षा, असलेल्या दंतवैद्याला सार्वजनिक व्यवस्थेत जागा निर्माण करून देणे हा तेथील मार्ग होता.

आपल्या राज्यापुरते पाहता

महाराष्ट्रात या कामासाठी लागणारी सामग्री नाही असे नाही. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, शिवाय खाजगी महाविद्यालये व त्यांतील काहींची फिरती दंतपथके आहेत. गावोगावी आशा सेविका आहेत. केंद्र शासनाचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून सुरू आहे. २०१८ पासून उपकेंद्र पातळीवरील आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांत मौखिक आरोग्याचाही अंतर्भाव झाला, आणि तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तोंडाची तपासणी असंसर्गजन्य रोगांच्या चाचणीत धरलेली आहे.

गरजही तितकीच मोठी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक जण धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होता. २०१२ पासून राज्यात गुटख्यास बंदी आहे, तरी मिश्री, खर्रा आणि सुपारी यांचे व्यसन घराघरांत आहे. तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तिखट सोसवेनासे झाले, पंधरा दिवसांत न भरणारी जखम राहिली, तर ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. हे ओळखण्यास आशा सेविका व समुदाय आरोग्य अधिकारी शिकू शकतात. त्यांनी पाठविलेला रुग्ण तालुक्याच्या दंतवैद्याने त्याच आठवड्यात पाहावा आणि पुढे जिल्ह्याच्या रुग्णालयात त्याची सोय व्हावी, ही साखळी मात्र अखंड हवी. मधली एक कडी निसटली तर गावात केलेली तपासणी कागदावरच राहते.

दंतवैद्यही खेड्यात टिकावा असे वाटत असेल तर त्याला केवळ सेवाभावाचा उपदेश करून भागणार नाही. नियमित वेतन, राहण्याची सोय, चालू स्थितीतील यंत्रसामग्री, मदतनीस आणि पदव्युत्तर शिक्षणात ग्रामीण सेवेचा विचार, या गोष्टी मिळाल्या तर तरुण डॉक्टर बाहेरगावी जाण्यास तयार होतात. विद्यार्थिदशेतच त्याने शाळांत व उपकेंद्रांत काम केलेले असेल तर पुढे खेडे त्याला परके वाटत नाही.

दात हा शरीराचा लहानसा भाग आहे, पण त्याच्या दुखण्याने माणसाची मजुरी बुडते, मुलाची शाळा बुडते आणि कधी कधी जीवही जातो. देशाजवळ दंतवैद्य आहेत, साधी व स्वस्त तंत्रे आहेत, गावपातळीवर काम करणारे हात आहेत. या सर्वांची नीट गाठ घालून देणे हेच मनुष्यबळाचे नियोजन होय. तालुक्याला जाणारी सकाळची गाडी पकडून दुपारपर्यंत दात भरून घेऊन शेतमजूर बाई संध्याकाळी घरी परतू लागेल आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाईल, तेव्हा ते नियोजन साधले असे म्हणता येईल.